वाल्तेल्लीना : पारंपरिक जेवण आणि जेवणाची ठिकाणे

वाल्तेल्लीना हे उत्तर इटलीच्या लोंबार्दी प्रदेशातील आल्प्सचे खोरे. बोर्मियोकडून उतरणारी आद्दा नदी कोमो सरोवराला मिळेपर्यंत सुमारे शंभर किलोमीटरचा प्रवास करते, तिच्या दोन्ही अंगांना हे खोरे पसरले आहे. सोंद्रियो हे जिल्ह्याचे मुख्य शहर. शेजारचे कियावेन्नाचे खोरे वेगळ्या नदीचे असले तरी जिल्हा एकच, आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत दोघांचा विचार एकत्रच करावा लागतो. १५१२ ते १७९७ या काळात येथे आजच्या स्वित्झर्लंडमधील ग्राउब्युंडन संघाची सत्ता होती. येथील वाइनला उत्तरेकडची बाजारपेठ मिळाली ती त्या काळात.

तिरानोपासून पुढे खोरे पूर्व–पश्चिम आडवे होते. त्यामुळे नदीच्या उत्तरेकडचा उतार दिवसभर उन्हात असतो आणि दक्षिणेकडचा, ओरोबी आल्प्सचा, बराच काळ सावलीत. उन्हाच्या बाजूला गडगे रचून केलेल्या पायऱ्यांवर द्राक्षे, सावलीच्या बाजूला जंगल व कुरणे, मध्यम उंचीच्या गावांत कुट्टू (बकव्हीट), राय (गव्हासारखे धान्य) आणि बटाटा. या खोऱ्यात कोणता पदार्थ कुठे खावा याचे उत्तर बहुतेक वेळा या उंचीवर आणि उतारावरच ठरते. मोठ्या रस्त्यावरच्या कोणत्याही रेस्तराँत सगळे पदार्थ एकाच मेनूत मिळतात, पण एखादा पदार्थ त्याच्या गावी जाऊन खाल्ला की फरक कळतो.

तेल्यो आणि कुट्टू. खोऱ्याची ओळख झालेला पदार्थ म्हणजे पिझ्झोक्केरी, कुट्टूच्या पिठाच्या फितींचा पास्ता. त्याचे गाव तेल्यो, समुद्रसपाटीपासून सुमारे ८५० मीटरवरचे, उन्हाच्या उतारावरचे. कुट्टू येथे सतराव्या शतकापासून पिकतो. तो गवताच्या कुळातला नसल्याने त्यात ग्लुटेन नाही, आणि त्याचा हंगाम इतका आखूड की राय काढल्यावर जुलैत पेरून थंडीआधी घरात आणता येतो. गरीब डोंगरी शेतकऱ्याला एकाच तुकड्यातून वर्षात दोन पिके मिळत. विसाव्या शतकात शेती मागे पडली आणि आज वाल्तेल्लीनात वापरले जाणारे बहुतेक कुट्टूचे पीठ बाहेरून येते. तेल्योच्या आसपास मात्र काही शेतकऱ्यांनी जुने वाण टिकवले आहे. उत्तर भारतात हे पीठ उपवासाला चालते. महाराष्ट्रात उपवासाला राजगिरा आणि वरईचाच मान मोठा, त्यामुळे मराठी वाचकाला कुट्टूची करडी, किंचित कडसर चव नवी वाटण्याची शक्यता आहे.

पिझ्झोक्केरीची कृती जपण्यासाठी तेल्योत २००२ साली एक अकादमी स्थापन झाली. तिने नोंदवलेले प्रमाण चौघांसाठी असे : कुट्टूचे पीठ ४०० ग्रॅम, गव्हाचे पांढरे पीठ १०० ग्रॅम, लोणी २०० ग्रॅम, काझेरा चीज २५० ग्रॅम, किसलेले ग्राना चीज १५० ग्रॅम, सुरकुतलेल्या पानांचा कोबी २०० ग्रॅम, बटाटे २५० ग्रॅम, एक पाकळी लसूण आणि मिरपूड. चौघांत २०० ग्रॅम लोणी वाचून दचकायला होते, पण हे दिवसभर डोंगरावर राबणाऱ्यांचे जेवण आहे आणि कमी लोण्यात ते जमत नाही. पीठ मळून दोन-तीन मिलिमीटर जाडीची पोळी लाटतात, तिच्या सात-आठ सेंटिमीटर रुंद पट्ट्या एकावर एक ठेवून आडव्या कापतात. पाचेक मिलिमीटर रुंदीच्या आखूड, काळपट फिती पडतात. आधी मिठाच्या पाण्यात बटाट्याच्या फोडी व कोबी शिजायला टाकतात, पाच मिनिटांनी त्याच भांड्यात फिती सोडतात. दहा मिनिटांनी झाऱ्याने उपसून गरम पसरट भांड्यात एक थर, त्यावर दोन्ही चीजचा थर, पुन्हा फिती, पुन्हा चीज. शेवटी लोण्यात लसूण तांबूस होईपर्यंत परतून ती चरचरीत फोडणी वरून ओततात. ढवळायचे नाही, हा नियम. ताटात येताना चीजच्या तारा सुटल्या पाहिजेत. निवले की सगळे घट्ट होते, म्हणून गप्पा नंतर मारायच्या.

तेल्योतल्या बऱ्याच खाणावळींत आणि हॉटेलांत पिझ्झोक्केरी ताज्या, हाताने लाटलेल्या असतात. दुकानात पाकिटातून मिळणाऱ्या सुक्या फिती वेगळ्या. ‘पिझ्झोक्केरी देल्ला वाल्तेल्लीना’ या नावाला २०१६ साली युरोपीय भौगोलिक मानांकन मिळाले, पण पाकिटावरच्या मानांकनाने ताटातल्या चवीची हमी मिळत नाही. ऑर्डर देण्याआधी फिती ताज्या आहेत का, एवढे विचारले तरी पुरते. तेल्योतला पालाझ्झो बेस्ता हा सोळाव्या शतकातला वाडा भित्तिचित्रांसाठी पाहण्यासारखा आहे, आणि दुपारच्या जेवणाआधी भूक लागायला तेवढी पायपीट उपयोगी पडते.

कुट्टूचेच इतर पदार्थ खोऱ्यात विखुरलेले आहेत. ‘श्यात’ म्हणजे काझेरा चीजचे चौकोनी तुकडे कुट्टूच्या सरबरीत पिठात बुडवून तळलेली भजी. पिठात थोडी ग्राप्पा, म्हणजे द्राक्षांच्या चोथ्याची दारू, घालतात, आणि भजी बारीक चिरलेल्या कडू चिकोरीच्या पाल्यावर वाढतात. तेलकटपणावर हा कडू पाला उतारा ठरतो, तो बाजूला सारू नये. तिरानोकडे ‘किशोल’ नावाचे चीज घातलेले जाडसर धिरडे मिळते. ग्रोझियोच्या बाजूला ‘मानफ्रिगोले’ म्हणजे कुट्टूच्या पातळ धिरड्यांच्या भरलेल्या गुंडाळ्या. तारान्या पोलेंतामध्ये मक्याचे व कुट्टूचे पीठ तांब्याच्या भांड्यात पाऊण-एक तास लाकडी दांड्याने घोटतात आणि शेवटी लोणी व चीज घालतात. हा पदार्थ घाईच्या स्वयंपाकघरात चांगला होत नाही. डोंगरावरची रिफूजो, म्हणजे गिर्यारोहकांची विश्रामगृहे, त्यासाठी अधिक भरवशाची.

कुरणे आणि चीज. काझेरा आणि बित्तो ही खोऱ्यातली दोन मुख्य चीज. दोघांनाही १९९६ साली मानांकन मिळाले. काझेरा अर्धवट साय काढलेल्या दुधाचे, बारमाही, स्वयंपाकात वितळवण्याचे. बित्तो फक्त उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर, गुरे वरच्या कुरणांवर असताना तिथेच धारोष्ण दुधातून बनते. गाईच्या दुधात थोडे शेळीचे दूधही घालतात. ओरोबी उतारावरच्या जेरोला खोऱ्यात काही उत्पादकांनी मानांकनाचे नवे नियम मानले नाहीत. गुरांना पशुखाद्य देणे आणि बाहेरचे विरजण वापरणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी वेगळी चूल मांडली, पारंपरिक अन्न जपणाऱ्या स्लो फूड चळवळीने त्यांना पाठिंबा दिला, आणि बित्तो हे नाव वापरण्यावरून वाद चिघळल्यावर २०१६ पासून त्यांचे चीज ‘स्तोरिको रिबेल्ले’ या नावाने विकले जाऊ लागले. कळपामागे जागा बदलत कुरणातल्या ‘कालेच’ नावाच्या छोट्या दगडी आडोशात, दूध काढल्या काढल्या तिथेच चीज लावणे, ही त्यांची जुनी रीत. यातली निवडक चाके दहा-दहा वर्षे मुरवतात. मुरलेला तुकडा स्वयंपाकात घालणे म्हणजे उधळपट्टी; तो नुसता खावा. जेरोला आल्ता गावातले तळघर या चीजसाठी नावाजले गेले. ज्यांना तेवढे वर चढायचे नाही त्यांच्यासाठी ऑक्टोबरात मोर्बेन्यो येथे बित्तोचे प्रदर्शन भरते, आणि त्याच सुमारास गावातली जुनी वाइनची तळघरेही लोकांसाठी उघडतात.

कियावेन्नाचे क्रोत्तो. जेवणाची जागा म्हणून सर्वांत वेगळे ते क्रोत्तो. फार पूर्वी कोसळलेल्या दरडींचे प्रचंड धोंडे डोंगराच्या पायथ्याशी साचले, त्यांच्या फटींतून जमिनीखालची हवा सतत बाहेर येते. स्थानिक लोक या झुळकीला ‘सोरेल’ म्हणतात. बाहेर ऊन असो की बर्फ, ती सुमारे ८ अंश सेल्सिअसच राहते. या फटींच्या तोंडाशी भिंती बांधून खोल्या केल्या, त्यांत वाइन, चीज आणि खारवलेले मांस ठेवले; पुढे समोर झाडांखाली दगडी मेज-बाके आली आणि साठवणीची जागा गोतावळा जमवण्याची झाली. आज काही क्रोत्तो खासगी कुटुंबांची आहेत, काहींत खाणावळी चालतात. कियावेन्नातील प्रातोजानो भागात आणि प्यूरो, मेझे या आसपासच्या गावांत ती दिसतात. याच डोंगरांनी १६१८ साली प्यूरो गाव दरडीखाली गाडले होते.

क्रोत्तोत बसल्यावर मागवायचे ते कोळशावर किंवा मऊ दगडाच्या तव्यावर भाजलेल्या डुकराच्या बरगड्या, पोलेंता आणि ‘व्हियोलिनो’. हा शेळीच्या तंगडीचा खारवून वाळवलेला प्रकार. कापताना व्हायोलिनसारखा खांद्यावर टेकवून धरण्याची पद्धत आहे. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : कियावेन्नात पिझ्झोक्केरी मागितल्या तर पांढऱ्या येतील. त्या गव्हाच्या पिठाच्या आणि दुधात भिजवलेल्या शिळ्या पावाच्या, थेंबासारख्या गोळ्या असतात. चवीला छान, पण तेल्योच्या फितींशी त्यांचे नावापुरतेच नाते. सप्टेंबरच्या सुरुवातीला कियावेन्नात क्रोत्तोंचा उत्सव असतो. वातावरण पाहायचे तर उत्सवात जावे, निवांत जेवायचे तर आधी किंवा नंतर.

ब्रेसाओला हे वाळवलेले गोमांस खोऱ्याबाहेर सर्वाधिक खपते. मांडीच्या मांसाला मीठमसाला लावून ते हवेत वाळवतात, आणि कागदासारखे पातळ काप करतात. १९९६ पासून त्यालाही मानांकन आहे, मात्र त्याच्या नियमांत मांस स्थानिकच असावे अशी अट नाही. मोठे कारखाने बराचसा माल दक्षिण अमेरिकेतून आणतात. स्थानिक गुरांची ब्रेसाओला हवी असेल तर खाटकाच्या छोट्या दुकानात किंवा आग्रितुरिझ्मोत विचारावे. आग्रितुरिझ्मो म्हणजे शेतकऱ्याने स्वतःच्या शेतावर चालवलेली खाणावळ. तिथे ठरावीक प्रमाणात स्वतःच्या शेतातला माल वाढणे कायद्याने बंधनकारक असल्याने मेनू लहान असतो, आणि ते चांगले लक्षण समजावे.

पेये व गोड. उन्हाच्या उतारावरच्या पायऱ्यांवर नेब्बियोलो द्राक्ष होते, त्याला येथे कियावेन्नास्का म्हणतात. सास्सेल्ला, ग्रुमेल्लो, इन्फेर्नो, वाल्जेल्ला ही त्या उतारावरच्या तुकड्यांची नावे बाटलीवर दिसतात. द्राक्षे सुकवून केलेली जड ‘स्फोर्त्सातो’ जुन्या बित्तोबरोबर शोभते. बोर्मियोत १८७५ पासून बनणारा ‘ब्राउलियो’ हे कडू मद्य जेवणानंतर घेतात. अक्रोड, अंजीर व मनुका भरलेला ‘बिशोला’ पाव बेकरीत मिळतो, रेस्तराँत क्वचितच.

शाकाहारी प्रवाशांसाठी. पिझ्झोक्केरी, श्यात, तारान्या आणि बटाटा-घेवड्याचा ‘तारोत्स’ यांत मांस नसते, तरी पूर्ण शाकाहारी म्हणता येत नाही. काझेरा व बित्तो लावताना वासराच्या जठरातले रेनेट, म्हणजे दूध गोठवणारा पदार्थ, वापरतात. श्यात पूर्वी डुकराच्या चरबीत तळत. आज बहुधा तेल असते, पण विचारून घ्यावे. तारोत्समध्ये कुठे कुठे बेकनही पडते. वरच्या सगळ्या पदार्थांतून चीज वगळून द्या असे सांगण्यात अर्थ नाही.

मिलानहून लेक्को व कोलिकोमार्गे सोंद्रियो आणि तिरानोला थेट रेल्वे आहे. कोलिकोला गाडी बदलून कियावेन्नाला जाता येते. तिरानोहून सेंट मॉरिट्झला जाणारी बेर्निना रेल्वे २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे, आणि गाडीच्या वेळा सांभाळणारे बहुतेक प्रवासी स्टेशनसमोरच जेवून घेतात. तेल्यो रुळांपासून बरेच वर आहे, त्यामुळे बस किंवा मोटार लागते. दुपारचे जेवण बाराच्या सुमारास सुरू होते आणि दोननंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद होते; आठवड्यातला एक दिवस सुट्टीचा असतो, हिवाळ्यात अधिकही. रविवारी दुपारी मिलानकर सहकुटुंब येतात, त्या वेळी आधी फोन न करता क्रोत्तोत जागा मिळणे कठीण.