पांढरं जाणं, घरगुती उपाय आणि न झालेली तपासणी

अंगावरून पांढरं जात असेल तर लोध्र या झाडाची साल, तांदळाचं धुवण, त्रिफळ्याच्या काढ्याने धुणं आणि दही, एवढे उपाय महाराष्ट्रात आजही घरोघरी सांगितले जातात. दही सोडलं तर बाकीच्यांची परंपरा जुनी आहे. चरकसंहितेत 20 योनिव्यापदं, म्हणजे योनीचे विकार, दिली आहेत. त्यांतल्या कफज प्रकाराची लक्षणं, म्हणजे बुळबुळीत स्राव, खाज आणि फिकटपणा, कँडिडा या बुरशीच्या संसर्गाशी काही अंशी जुळतात. तिथलंच पुष्यानुग चूर्ण मध आणि तांदळाच्या धुवणाबरोबर घ्यायचं असतं. पुढे चूर्ण औषधांच्या दुकानात गेलं आणि धुवण स्वयंपाकघरात राहिलं.

बुरशीवरचं पहिलं खात्रीचं प्रतिजैविक, निस्टॅटिन, 1950 मध्ये न्यूयॉर्क राज्यात सापडलं. 1970 च्या दशकात क्लोट्रिमॅझोल आलं आणि 1990 च्या दशकात 150 मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोलची एकच गोळी पुरेशी ठरू लागली. म्हणजे खात्रीची औषधं होती. तरीही घरगुती उपाय टिकले. त्याचं कारण आपल्याकडे गडचिरोलीत शोधावं लागतं.

1989 साली तिथल्या दोन गावांतल्या 650 बायकांच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका मात्र जेमतेम 8 टक्के होत्या. दुखणं अंगावर काढायचं, फार तर सासू, जाऊ किंवा सुईण सांगेल ते घ्यायचं, हा तिथला रिवाज होता, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. बाळंतपण आणि नसबंदी यांपलीकडे बाईच्या आरोग्याकडे सरकारी यंत्रणेने पाहिलंच नव्हतं, हे त्या आकड्यांनी ठळकपणे दाखवलं.

यावर उत्तर म्हणून जो निर्णय झाला, त्यावर आजही वाद आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सूक्ष्मदर्शक आणि तो वापरणारं माणूस असेलच असं नाही, म्हणून लक्षणांवरूनच उपचार करायचे, असं धोरण ठरलं. 2007 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्यासाठी रंगीत पाकिटं आली. योनिस्रावाचं पाकीट हिरवं. त्यात 2 ग्रॅम सेक्निडॅझोल आणि 150 मिलिग्रॅम फ्लुकोनॅझोल, म्हणजे जिवाणू, ट्रायकोमोनास हा परजीवी आणि बुरशी या सगळ्यांवर एकदमच मारा. लांबून चालत आलेल्या बाईला रिकाम्या हाताने परत पाठवू नये, हा हेतू चांगलाच होता. पण स्राव नेहमीचा आहे की रोगाचा, हा पहिला प्रश्न त्यात मागे पडला. पाळीच्या मध्यावर किंवा गरोदरपणात जास्त पांढरं जाणं बहुतेकदा नैसर्गिकच असतं. गोव्यात सुमारे अडीच हजार बायकांच्या अभ्यासात पांढरं जाण्याची तक्रार 14.5 टक्के जणींची होती, तर प्रयोगशाळेत कँडिडा 8.5 टक्के जणींत सापडली. शिवाय तक्रारीचा संबंध संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी आणि थकव्याशी अधिक दिसला. अशा बाईचं दुखणं हिरव्या पाकिटाने बरं होत नाही. मग ती पुन्हा काढ्याकडे वळते आणि ‘गोळ्या लागू पडत नाहीत’ असं शेजारणीला सांगते.

घरगुती उपायांचीही पारख अशीच अर्धवट झाली. 1992 मध्ये अमेरिकेत वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांना सहा महिने रोज सुमारे पाव किलो दही दिलं. संसर्ग बराच कमी झाला, पण 33 पैकी जेमतेम 13 जणींनी प्रयोग पूर्ण केला. दही बंद करायची वेळ आली तेव्हा काही जणींनी त्याला नकारच दिला. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता, पण संशोधनाच्या दृष्टीने पुरावा कच्चा राहिला. 2014 च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत लसणाच्या गोळ्यांचा फरक पडला नाही. लिंबू किंवा व्हिनेगरने धुण्याला तर आधारच नाही, कारण ही बुरशी आम्ल वातावरणातही मजेत वाढते आणि आतून धुतल्याने चांगले जिवाणूच जातात.

या यादीत एक वस्तू वेगळी आहे: टाकणखार, म्हणजे बोरॅक्स हा बोरॉनचा क्षार. त्याची लाही मधात कालवून बाळाच्या पांढऱ्या जिभेला लावायची पद्धत आपल्याकडे होती. ती पांढरी जीभही बहुधा याच बुरशीची. त्याच बोरॉनच्या कुळातल्या बोरिक ॲसिडची 600 मिलिग्रॅमची कॅप्सूल, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या कँडिडावर 3 आठवडे योनीत ठेवायला आता आधुनिक मार्गदर्शक सूचनाही सांगतात. मात्र ते पोटात गेलं तर विषारी आहे, गरोदरपणात वर्ज्य आहे, आणि बाळाच्या तोंडात टाकणखार किंवा मध घालणं धोक्याचंच.

स्रावाचा थेंब काचेवर घ्यायचा, त्यावर 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे तंतू पाहायचे, एवढीच ही कँडिडा ओळखायची तपासणी. काही मिनिटांत होते. ती गावातल्या केंद्रात रोज व्हावी ही मागणी जुनी आहे, आणि काढ्याच्या बाजूचे वैद्य असोत की पाकिटाच्या बाजूचे डॉक्टर, तिला दोघांचाही विरोध असण्याचं कारण नाही.