लोखंडाच्या गावातला आरएफआयडी टॅग

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आरएफआयडीचा, म्हणजे रेडिओ लहरींनी वस्तूची ओळख सांगणाऱ्या चिप-अँटेनाच्या टॅगचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: रीडर, म्हणजे टॅग वाचणारं यंत्र, तो किती मीटरवरून वाचतो? खरं तर आधी विचारायला हवं, टॅग चिकटणार कशावर? हा क्रम उलटा का पडला, याचं उत्तर या तंत्राच्या इतिहासात आहे.

समोरून आलेल्या रेडिओ लहरी परतवूनच निरोप धाडता येईल, हे हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये मांडलं. प्रत्यक्ष टॅग होण्यासाठी मात्र चिपची वाट पाहावी लागली. १९७३ मध्ये मारिओ कार्डुलो यांना पुन्हा लिहिता येणारी मेमरी असलेल्या टॅगचं अमेरिकी पेटंट मिळालं. त्याच दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत गुरं ओळखण्याचं काम सुरू झालं. पुढे गुरांसाठी रुळली ती १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची लो फ्रिक्वेन्सी, कारण शरीरातलं पाणी तिला फारसं अडवत नाही. अंतर जेमतेम वीतभर, पण भरवशाचं. हीच जात नव्वदच्या दशकात गाडीच्या किल्लीत इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी सोय) म्हणून शिरली. १३.५६ मेगाहर्ट्झची हाय फ्रिक्वेन्सी ओळखपत्रांत आणि ग्रंथालयांत स्थिरावली.

आज कारखान्यात जो टॅग दाखवायला आणतात, तो बहुतेक वेळा तिसऱ्या घराण्यातला, म्हणजे यूएचएफ (अल्ट्रा हाय फ्रिक्वेन्सी). १९९९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात ऑटो-आयडी सेंटर निघालं. टॅग इतका स्वस्त करायचा की तो प्रत्येक खोक्यावर लावणं परवडावं, हा त्याचा ध्यास होता. २००३ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीने बड्या १०० पुरवठादारांना जानेवारी २००५ पासून टॅग लावायला सांगितलं, आणि २००४ च्या डिसेंबरात यूएचएफ टॅगसाठीचं जेन-टू मानक मंजूर झालं. या सगळ्या घाईत डोळ्यांसमोर होतं पुठ्ठ्याचं खोकं. कागदी लेबल-टॅग त्या खोक्याचाच वारस आहे.

पुण्याचं तसं नाही. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि पिंपरी-चिंचवड परिसरात वाहनं, फोर्जिंग, कास्टिंग, प्रेस शॉप यांची वस्ती वाढत गेली. इथे बिन (सुटे भाग ठेवायचा डबा) लोखंडी, ट्रॉली लोखंडी, डाय (साचा) लोखंडी, जॉब, म्हणजे घडवायचा भाग, तोही लोखंडी. साधं लेबल अशा पत्र्यावर चिकटवलं, की पत्र्यात उलटे प्रवाह तयार होतात, अँटेनाचा सूर बिघडतो आणि चिपला जागं व्हायला पुरेशी ऊर्जाच मिळत नाही. मोकळ्या हवेत काही मीटरवरून वाचणारा टॅग मग रीडर टेकवला तरी गप्प. कूलंटने, म्हणजे यंत्रकामात थंडावा देणाऱ्या पाणीमिश्रित द्रवाने, भिजलेल्या जॉबवर पाणीही लहरी शोषतं. फास्टॅगने आपला गैरसमज थोडा वाढवलाच. तोही यूएचएफ, पण बसतो काचेवर, आणि साधी काच या लहरींच्या आड येत नाही.

यावर तोडगा ऑन-मेटल टॅगचा. यात अँटेना आणि पत्रा यांच्यामध्ये सिरॅमिक, प्लॅस्टिक किंवा फोमचा थर असतो आणि पत्र्यालाच अँटेनाचा भाग करून घेतलेलं असतं. म्हणून असे काही टॅग लोखंडावर नीट चालतात आणि लाकडावर मार खातात. किंमत लेबलच्या कित्येक पट. ती ऐकून पर्चेसवाले दचकतात, पण हिशेब चुकतो तो इथेच. लेबल खोक्याबरोबर एकदाच जातं. ट्रॉलीवर रिव्हेट केलेला टॅग वर्षानुवर्षं फेऱ्या मारतो. माझ्या मते पुण्यातल्या बहुतेक शॉपफ्लोरवर जॉबला टॅग लावण्याच्या भानगडीत पडूच नये. जॉब वाहून नेणाऱ्या ट्रॉलीला, बिनला किंवा स्किडला (भाग ज्यावर ठेवून पुढे सरकवतात त्या चौकटीला) लावावा.

पेंट शॉपची गोष्ट वेगळी. तिथे स्किड आधी रसायनांच्या टाक्यांत बुडतो, मग ईडी कोटच्या (विजेच्या मदतीने चढवलेल्या रंगाच्या थराच्या) ओव्हनमध्ये साधारण १६० ते १८० अंश सेल्सिअसला भाजला जातो, आणि हे रोज. नेहमीचे टॅग ८५ अंशांच्या आसपासपर्यंतच काम करतात. लेबलचा गोंद तर त्याआधीच हार मानतो. इथे उष्णता सोसणाऱ्या बंद कवचातला, स्क्रूने बसवलेला टॅग लागतो. डेटाशीटमध्ये, म्हणजे टॅगच्या माहितीपत्रकात, नुसतं कमाल तापमान बघून भागत नाही. ते किती मिनिटं आणि किती फेऱ्या सोसतो, हेही लिहिलेलं असावं लागतं.

आणखी एक ओळ डेटाशीटमध्ये शोधावी. भारताने २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा फ्रिक्वेन्सी-पट्टा आरएफआयडीसाठी परवानामुक्त केला. तो युरोपच्या पट्ट्याला जुळतो, अमेरिकेच्या ९०२ ते ९२८ ला नाही. कागदी लेबल दोन्हीकडे बऱ्यापैकी निभावून नेतं. सिरॅमिकचा छोटा ऑन-मेटल टॅग मात्र अरुंद पट्ट्यावरच जुळवलेला असतो. अमेरिकी पट्ट्याचा मागवला, तर इथे त्याचं अंतर चांगलंच घटतं. त्यामुळे ऑर्डरमध्ये नुसतं मॉडेलचं नाव पुरत नाही. पट्टाही लिहावा, आणि पहिला नमुना आपल्याच ट्रॉलीवर, आपल्याच रीडरसमोर वाचून पाहावा.