प्लॅस्टिक अन्नवेष्टनांचे पुनर्चक्रीकरण व बहुवारिकांचा ऱ्हास

वापरलेली अन्नवेष्टने निवडून, धुऊन व वितळवून त्यांचा पुन्हा दाणा तयार करताना त्यांतील बहुवारिकांच्या (पॉलिमरांच्या) लांब साखळ्या उष्णता, ऑक्सिजन, ओलावा आणि एक्स्ट्रूडरमधील (प्लॅस्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या स्क्रू-यंत्रातील) घर्षण यांमुळे तुटतात, त्यांना फांद्या फुटतात किंवा त्या एकमेकींना जोडल्या जातात. ‘प्लॅस्टिक किती वेळा पुनर्चक्रित करता येते’ या प्रश्नाला एकच आकडा देता येत नाही, कारण ऱ्हासाची दिशाच बहुवारिकागणिक बदलते.

पेयांच्या बाटल्यांतील पीईटीच्या (पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट या प्लॅस्टिकच्या) साखळ्या एस्टर बंधांनी, म्हणजे पाण्याने तुटू शकणाऱ्या रासायनिक जोडांनी, जोडलेल्या असतात. वितळलेल्या स्थितीत, सुमारे २७०–२९० °से. तापमानाला, पाण्याचा एक रेणू असा एक बंध तोडतो. सरासरी २५,००० रेणुभाराच्या दर साखळीमागे एक छेद झाला तर रेणुभार निम्मा होतो. त्यासाठी वजनाने सुमारे ०.०७ टक्के पाणी पुरते आणि धुतलेले फ्लेक (बाटल्यांचे बारीक तुकडे) हवेतूनच याहून अधिक ओलावा शोषू शकतात. म्हणून वितळवण्यापूर्वी तो सामान्यतः दशलक्षांत ५० भागांच्या खाली आणतात. पीव्हीसी या दुसऱ्या प्लॅस्टिकचे कण राहून गेल्यास त्यांतून सुटणारे हायड्रोजन क्लोराइड या विच्छेदनाला वेग देते, त्यामुळे वर्गवारीतील थोडी ढिलाईही महागात पडते. सुदैवाने ही हानी बऱ्याच अंशी भरून निघते: वितळबिंदूच्या खाली, सुमारे २००–२२० °से. ला, निर्वातात किंवा नायट्रोजनात ठेवल्यास साखळ्यांची टोके पुन्हा जुळतात आणि चव बिघडवणारे अ‍ॅसिटाल्डिहाइडही निघून जाते.

पॉलिप्रोपिलीन व पॉलिएथिलीन यांना ही सोय नाही. त्यांचा ऱ्हास मुक्त मूलकांच्या (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेल्या अतिक्रियाशील रेणुखंडांच्या) साखळी अभिक्रियेने होतो. तिचा आजही आधारभूत मानला जाणारा आराखडा १९४० च्या दशकात बोलंड व गी या रसायनशास्त्रज्ञांच्या संशोधनातून पुढे आला. पहिला मूलक कोठून येतो, याविषयी मात्र मतभेद आहेत. काही अभ्यासक आधीच्या वापरात साठलेल्या हायड्रोपेरॉक्साइडांना (ऑक्सिजनशी अभिक्रियेतून बनलेल्या अस्थिर संयुगांना), काही उत्प्रेरकाच्या धातुशेषांना, तर काही स्क्रूच्या कातर-बलाने साखळी तुटण्याला प्राधान्य देतात. पुनर्प्रक्रियेपुरते पाहिल्यास ही कारणे एकत्र कार्य करतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते. उन्हात पडून राहिलेल्या वेष्टनात हायड्रोपेरॉक्साइडांचा वाटा मोठा असणे संभवनीय आहे. पॉलिप्रोपिलीनमध्ये तृतीयक (इतर तीन कार्बनांशी जोडलेल्या) कार्बनावरील हायड्रोजन सहज निघतो व साखळी तुटते, त्यामुळे वितळ पातळ होतो. उच्च घनतेच्या पॉलिएथिलीनमध्ये, विशेषतः फिलिप्स पद्धतीच्या क्रोमियम उत्प्रेरकावर बनलेल्या प्रकारात, टोकांशी असलेल्या व्हिनिल गटांमुळे (दुहेरी बंध असलेल्या टोकांमुळे) साखळ्या जोडल्या जाऊन वितळ घट्ट होतो. दोन्ही मिसळून आले की एकाच यंत्रात दोन विरुद्ध बदल घडतात. फिनॉलिक व फॉस्फाइट प्रतिऑक्सिडीकारके (ऑक्सिडीभवन रोखणारी मिश्रणद्रव्ये) हे बदल लांबवतात, परंतु दर फेरीत तीही खर्च होतात.

बहुस्तरीय वेष्टनांतील नायलॉन, पॉलिएथिलीन इत्यादी थर एकजीव होत नाहीत. पुनर्चक्रित प्लॅस्टिक अन्नाच्या संपर्कात वापरण्यासाठी युरोपीय संघात २०२२ चा विनियम १६१६ लागू आहे.