बचतीचा धडा बिलातून

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत जेवणाची सुट्टी झाली की मशीन थांबतात, हवा दाबून पाइपांत सोडणारा कंप्रेसर मात्र दर पाच-दहा मिनिटांनी धडधडत राहतो. हवा वापरतंय कोण? कुणीच नाही. पाइपच्या जोडातून ती सुसू करत निघून चाललेली असते. फिटर ब्रशनं साबणाचं पाणी लावतो, फुगे आले तिथं क्लॅम्प आवळतो. सात बार दाबाच्या हवेच्या लाइनला ३ मिलिमीटरचं भोक असलं तर त्यापायी सुमारे ३ किलोवॉट वीज खर्ची पडते.

वीज वाचवायची ही सवय जुनी नाही. जिल्ह्यातल्या कारखानदारीचं मूळ धरायचं तर किर्लोस्करवाडी, साल १९१०. त्या पिढीच्या वर्कशॉपांत एका इंजिनावर लांबलचक लाइन शाफ्ट फिरायचा, पट्ट्यांवर सगळी यंत्रं. एकच लेथ चालवायचं असलं तरी अख्खा शाफ्ट फिरवा! 'रिकामं मशीन बंद ठेवा' या सूचनेला खरा अर्थ आला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आल्यावर.

१९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि त्याच वर्षी कोयनेचं पाणी पोफळीला उतरून वीज देऊ लागलं. मग १९७३ चा तेलाचा भडका, २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा. दर १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन, भिंतीवर पोस्टर. पोस्टरनं कुणी कंप्रेसर बंद केल्याचं मी तरी पाहिलं नाही.

लोडशेडिंगनं केलं. कारखान्याची साप्ताहिक सुट्टीसुद्धा विजेच्या वेळापत्रकानं ठरू लागली, तेव्हा मिळालेल्या तासांतली वीज कुठं जाते हे मालक स्वतः बघू लागले.

त्याहून मोठा मास्तर म्हणजे बिलाचा कागद. पॉवर फॅक्टर म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरंच कामाला आली, त्याचं प्रमाण. तो घसरला की दंड, चांगला राखला की सूट, असा हिशेब बरीच वर्षं चालला. उच्चदाब ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामी न आलेली वीजही धरून, बिल येऊ लागलं आणि दंडाची वेगळी ओळच गेली. आता पॉवर फॅक्टर ०.९ असला तर १०० युनिटच्या कामाला मीटर १११ मोजतो. बिनबोभाट.

म्हणून वायरमन महिन्यातून एकदा पॅनल उघडून पॉवर फॅक्टर सावरणाऱ्या एकेका कपॅसिटरला टाँग टेस्टर, म्हणजे वायरीला चिमट्यासारखा धरून करंट मोजायचं मीटर, लावतो. मेलेला कपॅसिटर बाहेरून पुष्कळदा धडधाकटच दिसतो. अँपिअरचा काटा हलला नाही की कळतं.