गाढवाचे काळीज खाणारा ससा

एडवर्ड स्टीअर या इंग्रज मिशनऱ्याने झांझिबारमध्ये ऐकलेल्या स्वाहिली गोष्टी 1870 मध्ये लंडनला छापून प्रसिद्ध केल्या. त्यातली एक आहे धोब्याच्या गाढवाची. मूळ स्वाहिली नावातही 'दोबी' हाच शब्द आहे, आणि तो तिकडे आपल्याच किनाऱ्यावरून गेला. सिंहाला गाढव खायचे आहे. ते गोड बोलून आणायचे काम सुंगुरावर, म्हणजे सशावर येते. ससा गाढवाला लग्नाचे आमिष दाखवतो. गाढव येते, सिंह झडप घालतो, गाढव निसटून पळते. ससा पुन्हा जातो, पुन्हा पटवतो, आणि या वेळी गाढव मरते. मग सिंहाचा डोळा चुकवून ससा गाढवाचे काळीज आणि कान खाऊन टाकतो. सिंह विचारतो, काळीज कुठे आहे, कान कुठे आहेत? ससा म्हणतो, याला ते असते तर हा एकदा सुटल्यावर परत कशाला आला असता?

पंचतंत्र वाचलेल्याला ही गोष्ट लगेच ओळखू येईल. 'लब्धप्रणाश' या चौथ्या तंत्रात ती जशीच्या तशी आहे. लंबकर्ण गाढव, त्याला ओझ्याने पिळणारा धोबी, जखमी सिंह, आणि काळीज-कान गट्ट करून वर शहाजोगपणे तत्त्वज्ञान सांगणारा नोकर. ज्या गोष्टीच्या पोटात ती सांगितलेली आहे, तीही दोन्हीकडे एकच: काळीज झाडावर विसरून आलो म्हणणाऱ्या माकडाची. आपल्याकडे माकड जांभळीवर असते आणि पाण्यात मगर. झांझिबारला माकड उंबराच्या जातीच्या म्कुयु झाडावर आणि समुद्रात शार्क. बेटावरच्या माणसाला शार्क जवळचा, यात नवल नाही.

फरक एकच, पण मोठा. पंचतंत्रात गाढवाला फसवून आणणारा कोल्हा आहे. झांझिबारला तो ससा झाला. कोल्ह्याने काळीज खाणे समजते. पण जन्मभर गवत आणि कोवळे कोंब कुरतडणाऱ्या प्राण्याने सिंहाच्या ताटातले मांस पळवावे? मला तर वाटते की हा जुन्या नटाचा अंगरखा आहे, नव्या नटाला तो मापाचा नसला तरी तसाच चढवलेला. हा पुरावा पक्का मात्र नाही. आफ्रिकेतल्या इतर गोष्टींतही ससा बिनदिक्कत मांस आणि मध खातो, त्यामुळे ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नसणार.

नटच का बदलला? पूर्व आफ्रिकेत कोल्ह्याच्या भाऊबंदांची कमतरता नाही. काळ्या पाठीचे जॅकल तिथल्या माळावर भरपूर आहेत. प्राणी मिळत नव्हता म्हणून बदलला असे म्हणता येत नाही. खरे कारण असे दिसते की त्या मुलखात 'हुशार' ही जागा आधीच भरलेली होती. परदेशातून आलेल्या गोष्टीत लबाडाचे काम निघाले की ते आपोआप सशाकडे जायचे.

ही जागा सशाने किती मोठ्या प्रदेशात धरली आहे ते पाहण्यासारखे आहे. केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावर तो सुंगुरा, मलावी आणि झांबियात कालुलू, झिंबाब्वेच्या शोना लोकांत त्सुरो. तिथे त्याच्या जोडीला बहुधा बबून माकड असते. खंडाच्या दुसऱ्या टोकाला सेनेगलच्या वोलोफ लोकांत तो ल्यूक होतो आणि तरसाला रडवतो. नायजेरियाच्या उत्तरेला हौसा लोक त्याला झोमो म्हणतात. आता नकाशावर दाट पर्जन्यवनाचा पट्टा पाहा. तिथे ससा गोष्टींतून जवळजवळ गायब होतो. योरुबा आणि इग्बो लोकांत लबाड असते ते कासव. घानाच्या आकान लोकांत कोळी, तोच प्रसिद्ध अनान्सी. काँगोच्या जंगलात ते काम एक चिमुकले हरीण करते. सिएरा लिओनमध्ये इंग्रजी मिश्रित बोलीत ज्याला 'ससा' म्हणतात, तोही प्रत्यक्षात असेच एक बारके हरीण आहे.

याचे साधे कारण जीवशास्त्रात आहे. तिथले खरे ससे मोकळ्या गवताळ माळाचे रहिवासी. घनदाट अरण्य त्यांना मानवत नाही. जिथे ससा रोज दिसतो तिथे तो गोष्टीत येतो. पण रोज तर चिमणीही दिसते! मग ससाच का, याचे उत्तर त्याच्या वागण्यात थोडेफार सापडते. पाळीव ससा डोळ्यांसमोरून बाजूला ठेवा. आफ्रिकेच्या माळावरचा ससा बीळ करत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून त्यात दिवसभर दबून बसतो. शिकारी अगदी पावलावर येईपर्यंत हलत नाही, आणि मग जो उसळतो तो ताशी 70 किलोमीटरच्या आसपास, सरळ नव्हे तर नागमोडी. खळग्यात शिरण्यापूर्वी तो स्वतःच्याच वाटेवरून उलटा मागे येतो आणि तिथून एकदम बाजूला लांब उडी मारतो, म्हणजे वास घेत येणाऱ्याचा माग तिथेच तुटतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मागचेही दिसते. पिल्ले अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. आई त्यांना गवतात सोडून लांब राहते आणि अंधार पडल्यावर थोडा वेळ पाजायला येते. माग काढणे हाच ज्यांचा धंदा होता अशा शिकारी आणि गुराखी लोकांनी हे सगळे पिढ्यानपिढ्या जवळून पाहिले. त्यांनी सशाला लबाड म्हटले ते उगाच नाही.

तरी या स्पष्टीकरणाला मर्यादा आहे. माग चुकवणे वेगळे आणि मित्राला मरू देणे वेगळे. दुबळ्याने बलवानावर मात करण्याच्या या गोष्टी आहेत, असे नेहमी सांगितले जाते. अमेरिकेत गुलामांच्या तोंडी त्यांना तो अर्थ आला हे खरेच आहे. पण आफ्रिकेतला ससा सिंहाला फसवतो तसा उंदरालाही फसवतो. दुष्काळातली एक गोष्ट खंडभर सांगतात: ससा आणि तरस ठरवतात की आपापल्या आईला मारून खायचे. तरस खरोखर मारतो. ससा आपल्या आईला लपवून ठेवतो आणि गुपचूप तिच्याकडे जेवायला जातो. (निसर्गात आई पिल्लाला लपवते, इथे पिल्लू आईला.) या सशाला दीनांचा कैवारी म्हणणे अवघड आहे. आणि तो हरतोही, बहुधा कासवाकडून. आपण शाळेत शिकलो त्या शर्यतीत ससा झोपतो आणि कासव चिकाटीने जिंकते. आफ्रिकेत ठिकठिकाणी सांगतात त्या शर्यतीत कासव वाटेवर जागोजागी आपले नातलग बसवून ठेवते. ससा जिथे पोचावा तिथे एक कासव आधीच हजर. सगळी कासवे एकसारखीच दिसतात, त्यामुळे सशाला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही. मला ही आवृत्ती जास्त प्रामाणिक वाटते.

आता झांझिबारचीच आणखी एक गोष्ट. 1901 मध्ये शिकागोत छापलेल्या संग्रहात ती आहे. बाओबाबच्या झाडावर मध आहे. ससा तो बापाची इस्टेट म्हणून सांगतो आणि उंदराला घेऊन वर चढतो. खाली झाडाचा खरा मालक सिंह येतो. ससा उंदराला म्हणतो, मला गवतात गुंडाळ आणि पेंढी म्हणून खाली टाक. उंदीर टाकतो, ससा पळतो, उंदीर मरतो. पुढच्या खेपेला ससा कासवाला नेतो आणि सिंहाच्या पंजात सापडतो. तेव्हा तो सांगतो, माझे मांस चिवट आहे, शेपूट धरून मला गरगर फिरव आणि जमिनीवर आपट. सिंह फिरवतो आणि ससा हातातून निसटतो. शेवटी चिडलेला सिंह सशाच्या घरात जाऊन दबा धरतो. ससा परत येतो, पावलांचे ठसे पाहतो आणि दुरूनच हाक मारतो, "काय घरा, बरे आहेस ना?" घर गप्प. ससा मोठ्याने म्हणतो, "नवलच आहे. रोज तर हे घर मला उत्तर देते, आज आत कोणी आहे की काय?" पुन्हा हाक मारतो. आतून सिंह म्हणतो, "बरा आहे!"

पंचतंत्रातल्या तिसऱ्या तंत्रात हाच प्रसंग कोल्हा आणि गुहा यांचा आहे. पाली जातककथांमध्ये माकड खडकाला हाक मारते. खडकावर मगर पडलेली असते. जगभरच्या कथांना क्रमांक देण्याची जी पद्धत फिनलंडच्या अँटी आर्ने यांनी 1910 मध्ये सुरू केली, तिच्या आजच्या यादीत या कथाप्रकाराचा क्रमांक 66अ आहे.

इथे लोककथेचा अभ्यास विज्ञानासारखा होतो. दोन ठिकाणी सारखी गोष्ट दिसली म्हणजे ती एकीकडून दुसरीकडे गेलीच असे नाही. आत शिरण्याआधी हाक मारून पाहावी, हे कुणालाही सुचेल. पण 'घर रोज बोलते, आज का नाही?' ही दुसरी पायरी सहज सुचणारी नाही. अशी अनावश्यक, विचित्र बारकावे असलेली जोडणी दोन ठिकाणी जुळली की संबंधाची शक्यता वाढते. दोन विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तर सारखे असले तर काही सिद्ध होत नाही, चूक सारखी असली की परीक्षक सावध होतो, तसेच हे. आणि संबंधाला वाट होतीच. नोव्हेंबरपासून ईशान्येचा वारा गलबतांना अरबस्तान आणि भारताकडून आफ्रिकेला नेई, उन्हाळ्यानंतर नैऋत्येचा परत आणी. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवी या जुन्या इराणी भाषेत, आठव्या शतकात 'कलीला व दिम्ना' म्हणून अरबीत गेलेले होते. गाढवाची गोष्ट त्या पुस्तकातही आहे.

म्हणून सगळे काही आपल्याकडून गेले, असा आनंद मानून घेण्याची मात्र घाई नको. भारतात लिहिणे आधी झाले, आफ्रिकेत लिहून घेणारे फार उशिरा पोचले. ज्याची नोंद जुनी त्याचा उगम जुना, हे गणित मौखिक परंपरेला लागू पडत नाही. अलीकडे जीवशास्त्रातली वंशवृक्ष काढण्याची संगणकीय रीत कथांनाही लावतात. जमशीद तेहरानी या अभ्यासकांनी 2013 मध्ये 'लाल टोपीवाली मुलगी' या कथेच्या 58 आवृत्त्यांवर ती वापरली आणि आफ्रिकी आवृत्त्या वेगळ्या, 'लांडगा आणि करडे' या कथेच्या कुळात बसतात असे दाखवले. रीत उपयोगी आहे. पण जनुके आईबापांकडून येतात, गोष्टी शेजाऱ्याकडूनही येतात, आणि त्याने वृक्षाचे जाळे होऊन बसते.

वाद सर्वांत जास्त पेटला तो चिकट बाहुलीवरून. अटलांटाच्या वर्तमानपत्रात 1879 मध्ये आलेली ही गोष्ट अमेरिकेत घरोघरी गेली: डांबराची बाहुली सशाला उत्तर देत नाही, तो तिला एक हात मारतो, चिकटतो, मग दुसरा, मग पाय, मग डोके. आफ्रिकेत ती दुष्काळात खणलेल्या विहिरीची गोष्ट आहे. सगळे प्राणी खणतात, ससा खणत नाही आणि रात्री पाणी चोरतो, आणि शेवटी तसाच चिकटून सापडतो. भारतात पाच शस्त्रांचा राजपुत्र राक्षसाच्या केसांना पाच जागी चिकटतो. त्याहून जवळचे उदाहरण पाली सूत्रांत आहे: शिकाऱ्याने लावलेल्या चिकट लेपात माकड हात, हात, पाय, पाय आणि तोंड असे पाच ठिकाणी अडकते. लोककथांचे अभ्यासक ऑरेलिओ एस्पिनोझा यांनी 1943 मध्ये 267 आवृत्त्या मांडून उगम भारतात ठेवला. अ‍ॅलन डंडिस आणि विल्यम बॅस्कम या अमेरिकी अभ्यासकांनी अमेरिकेतल्या कथांच्या आफ्रिकी मुळांची बाजू लढवली. मला विचाराल तर पाली सूत्रातला शिकारी दोन्ही बाजूंची पंचाईत करतो, कारण चिकाने पक्षी-प्राणी धरणे ही खरीखुरी, अनेक देशांतली जुनी युक्ती आहे. जिथे ती होती तिथे गोष्ट नव्याने सुचू शकते.

मॉरिशसपुरते मात्र चित्र बरेच स्वच्छ आहे. या बेटावर मूळची माणसेच नव्हती. फ्रेंचांनी मादागास्कर आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून गुलाम आणले. मराठी मजूर मुंबई बंदरातून तिथे उतरले ते बऱ्याच नंतर, 1834 मध्ये करारबद्ध मजुरी सुरू झाल्यावर. शार्ल बेसाक यांनी 1888 मध्ये छापलेल्या तिथल्या क्रिओल (फ्रेंचवरून झालेल्या स्थानिक बोलीतल्या) गोष्टींत राजाच्या तळ्याचे पाणी घाण करणारा ससा आहे. त्याला पकडायला बाहुली नाही. एक कासव पाठीवर डांबर फासून तळ्याकाठी बसते; ससा त्याला दगड समजून टेकतो आणि अडकतो. अमेरिकेतली बाहुली पश्चिम आफ्रिकेत अनान्सीच्या गोष्टीत सापडते. डिंक फासलेले कासव सापडते ते खंडाच्या दुसऱ्या बाजूला, बांटू भाषा बोलणाऱ्यांच्या विहिरीच्या गोष्टींत, आणि मॉरिशसला येणारी गुलामांची जहाजे त्याच बाजूने निघत.