पार्श्वभूमी : मांजराच्या घरच्या जेवणात कॅल्शियम का आलं

मांजराला कॅल्शियम द्यावं लागतं, असं विदर्भातल्या खेड्यात एका पिढीआधी कोणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं, आणि ते न पटणं बरोबरच होतं. कणगीमागे, गोठ्यात, कुटाराच्या ढिगात उंदीर होते. मांजर उंदीर खातं तेव्हा हाडांसकट अख्खा खातं. मांसातून फॉस्फरस मिळतो, हाडांतून कॅल्शियम, आणि दोन्हींचं प्रमाण मांजराला हवं तसंच असतं : कॅल्शियम फॉस्फरसहून थोडं जास्त. घरचा दूधभात हा वरखर्च. भंडारा-गोंदियाकडे तर मामा (माजी मालगुजारी) तलावातल्या बारीक मासळीची मुंडकी आणि काटेही मिळायचे.

हे मोडलं दोन बाजूंनी. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडच्या गोळ्या टाकणं वाढलं, तेव्हा जीव लावलेलं मांजर मोकळं सोडायची भीती वाटू लागली. दुसरीकडे गावोगावी ब्रॉयलर कोंबडीची दुकानं आणि कोरड्या खाद्याची पाकिटं पोचली. रोज एकच कोंबडी खाऊन काही मांजरं मान आणि कानामागचा भाग रक्त येईपर्यंत खाजवतात, पोटावरचे केस चाटून काढतात, वारंवार ओकतात. मांजरांमध्ये अन्नाची ॲलर्जी सर्वांत जास्त आढळते ती गोमांस, मासे आणि कोंबडी यांची. त्यावरची खात्रीची तपासणी म्हणजे पूर्वी कधीच न खाल्लेलं एकच मांस किमान आठ आठवडे देणं. यासाठीचं तयार औषधी खाद्य महाग, तालुक्याला सहसा मिळत नाही. म्हणून बहुतेक घरी बकऱ्याचं मटण शिजतं, आणि टोचू नये म्हणून हाडं काढूनच शिजतं. हाडांबरोबर कॅल्शियमही पातेल्याबाहेर जातं.

याचे परिणाम १९५० आणि ६० च्या दशकांत ब्रिटन-अमेरिकेत दिसले होते. तिथे सयामी जातीची पिल्लं निव्वळ मांसावर, कधी नुसत्या हृदयाच्या तुकड्यांवर वाढवली जात. चांगली गुबगुबीत पिल्लं उडी मारेनाशी व्हायची, लंगडायची, नुसतं उचलून घेताना पाय मोडायचा. आधी हा जन्मजात ठिसूळ हाडांचा आजार समजला गेला. पुढे लक्षात आलं की रक्तातला दोष नाही, ताटातला आहे.

किलोभर हाडविरहित मांसात फॉस्फरस साधारण २ ग्रॅम असतो आणि कॅल्शियम जेमतेम ०.१ ग्रॅम. म्हणजे एकास वीस. कलेजीत ही तफावत आणखी मोठी. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की गळ्यातल्या परावटू ग्रंथी जादा संप्रेरक सोडतात आणि हाडांतून कॅल्शियम उपसतात. त्यामुळेच नुसत्या रक्ततपासणीवर विसंबता येत नाही : रक्तातला आकडा बराच काळ ठीक दिसतो, कारण भरपाई हाडं करत असतात. पिल्लांत काही आठवड्यांतच लक्षणं दिसतात, मोठ्या मांजरात काही महिने काहीच दिसत नाही. कमरेचं हाड वाकून अरुंद झालं, तर मांजर बरं झाल्यावरही जन्मभर कुंथत राहतं.

१९९० च्या दशकात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. माणूस उन्हातून ड जीवनसत्त्व तयार करतो; मांजराच्या कातडीत त्याचा कच्चा माल दुसऱ्याच कामी लागून संपतो. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात दिवसभर पडूनही मांजराला ते मिळत नाही, अन्नातूनच द्यावं लागतं.

ॲलर्जीच्या आहारांत ही चूक खुद्द डॉक्टरांकडूनही होत होती. १९९२ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी सुचवलेल्या अशा घरगुती आहारांची तपासणी झाली, तेव्हा बहुतेक अपुरे निघाले. २०१९ मध्ये मांजरांसाठीच्या ११४ घरगुती पाककृती तपासल्या गेल्या. ज्यांत पुरेसा तपशील होता, त्यांतली एकही सर्व पोषकद्रव्यांत पूर्ण नव्हती.

कॅल्शियम कशातून द्यायचं, हा ॲलर्जीच्या मांजरासाठी कळीचा प्रश्न. हाडांची भुकटी जुनी, पण ती बहुधा गाई-म्हशींच्या हाडांची असते आणि तिच्यात प्रथिनांचा अंश राहतो. शिवाय १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशा भुकटीत शिसं आढळल्याने सावधगिरीचे इशारे दिले गेले. अंड्याचं टरफल स्वस्त आणि चांगलं, त्यात सुमारे ३८ टक्के कॅल्शियम. पण आतल्या पापुद्र्यात अंड्याची प्रथिनं असतात. कोंबडीचा संशय असताना तपासणीच्या आठ आठवड्यांत ते नकोच. चवीच्या चघळगोळ्यांत कलेजी किंवा दुधाचा अंश असतो, म्हणजे एका गोळीने आठवड्यांची मेहनत वाया. दूध दुहेरी अडचणीचं : त्यातली साखर बऱ्याच मोठ्या मांजरांना पचत नाही, आणि १०० मिलीत कॅल्शियम जेमतेम १२० मिलिग्रॅम.

नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे, पण गावच्या दवाखान्याचं काम मुख्यतः गाई-बैल-शेळ्यांचं. तिथलं खनिज मिश्रण ढोरांच्या वजनाला आणि गरजेला बेतलेलं असतं. मांजराच्या जेवणात त्याची चिमूटही नको. आणि खर्ऱ्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) डबीतला चुना तर मुळीच नको. माणसाला गव्हाच्या दाण्याएवढा चुना द्यायची जुनी समजूत आहे, तीच मांजरावर चालवली जाते. चुना दाहक असतो, त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते.

उरतं ते शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट, आयपी (औषधांच्या भारतीय मानकाच्या) दर्जाचं, बिनवासाचं. त्यात ४० टक्के कॅल्शियम असतं, प्राण्याचं प्रथिन नाही. किलोभर हाडविरहित मांसाला ६ ग्रॅम घातलं की २.४ ग्रॅम कॅल्शियम मिळतं आणि फॉस्फरसशी प्रमाण साधारण १.२५ ला १ वर येतं. चार किलोचं मांजर दिवसाला साधारण १५०-१६० ग्रॅम मांस खातं, म्हणजे वाट्याला जवळपास एक ग्रॅम भुकटी. चमच्याने मोजू नये : सैल भुकटी आणि दाबलेली भुकटी यांत मोठा फरक पडतो. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा आणि एकदम किलोभर मांसाचं मोजावं, म्हणजे चूक लहान राहते. मटण शिजवून, बारीक करून, कोमट असताना भुकटी थोड्या शिजल्या पाण्यात कालवून मिसळावी. कोरडी वरून टाकली तर ती वाटीच्या तळाशी राहते आणि मांजर नेमकं तेवढं सोडून देतं. शिजलेलं पाणी फेकू नये, त्यात टॉरिन, म्हणजे मांसातलं मांजराला लागणारं एक पोषकद्रव्य, उतरलेलं असतं. टॉरिनअभावी मांजराचं हृदय निकामी होतं, हे १९८७ मध्ये सिद्ध झालं. ते आणि ड जीवनसत्त्व वेगळं द्यावंच लागतं, मात्रा डॉक्टरांनी ठरवावी.

औषधाच्या दुकानातली १२५० मिलिग्रॅमची गोळी म्हणजे ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. त्यात बहुधा ड-३ जीवनसत्त्व असतं, रोज दिली तर मांजराच्या गरजेच्या कितीतरी पट. ड-३ ची ६०,००० युनिटची पुडी मांजराला घातक. नुसतं कार्बोनेट जास्त झालं तरी मलावरोध होतो आणि जस्त नीट शोषलं जात नाही. किडनीचा आजार असलेलं मांजर आणि वाढतं पिल्लू यांचं गणित वेगळं. वरची मात्रा निरोगी मोठ्या मांजराची.

आठ आठवड्यांनी खाज थांबली, तर जुनं खाद्य परत देऊन पाहावं. ॲलर्जी असेल तर दोन आठवड्यांच्या आत खाज उलटते. त्या काळात कॅल्शियमची भुकटी पहिल्या दिवसापासूनचीच ठेवावी. डबा मध्येच बदलला, तर खाज कोंबडीने आली की नव्या भुकटीने, हे सांगता येत नाही.