कमाटीबाग (सयाजीबाग), वडोदरा

विश्वामित्री नदीच्या काठावरचे वडोदऱ्यातील सार्वजनिक उद्यान. क्षेत्र सुमारे ४५ हेक्टर (११३ एकर). कागदोपत्री नाव सयाजीबाग. पण रावपुऱ्यातल्या, दांडिया बाजारातल्या मराठी घरांत ‘कमाटीबागेत जाऊन येतो’ असेच म्हणतात.

बाग १८७९ साली तिसऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या नावे उभी राहिली. महाराज तेव्हा सोळा वर्षांचे होते, राज्याधिकार मिळायला आणखी दोन वर्षे होती आणि कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. श्रेय वाटताना दिवाणांचे नाव सहसा गाळले जाते. प्राणिसंग्रहालयही तेवढेच जुने. आवारात १८९४ चे वस्तुसंग्रहालय आहे. तिथे निळ्या देवमाशाचा अजस्र सांगाडा आहे. हा देवमासा १९४४ साली मही नदीच्या मुखाशी सापडला. फुलांचे घड्याळ, तारांगण आणि मुलांची छोटी आगगाडी ही सुट्टीच्या दिवशी गर्दी खेचत आलेली ठिकाणे. वड, चिंच, कडुनिंबाच्या सावलीत दुपारी आडवे होणाऱ्यांना मात्र यातल्या कशाचीच गरज नसते. गावाचे नावच वडावरून पडलेले, तेव्हा बागेत वड नसता तर नवल.

बागेची खरी ओळख मात्र तिच्या कडेने वाहणाऱ्या नदीत आहे. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते आणि शहरातून वळणे घेत पुढे ढाढर नदीला मिळते. तिच्या काठच्या मातीत पावसाच्या पाण्याने घळी पाडल्या आहेत. स्थानिक मराठीतही त्यांना गुजरातीप्रमाणे ‘कोतरं’ म्हणतात. या कोतरांत दाट झुडपे, मुंगूस, सरडे आणि पाण्याशी कासवे. सगळ्यांत वरचढ मगर. ही गोड्या पाण्यातली भारतीय मगर. २०२५ च्या गणनेत शहरातल्या नदीपट्ट्यात ती चारशेहून अधिक आढळली. भर वस्तीतून जाणाऱ्या नदीत मगरींची एवढी संख्या क्वचितच आढळते. नदीत सांडपाणी मिसळते, तरी मगर तग धरून आहे.

मगरीचे वर्ष ऋतूंशी बांधलेले असते. थंडीत सकाळी ती काठावर जबडा उघडा ठेवून ऊन खाते. तो राग नव्हे, अंगाचे तापमान सांभाळण्याची रीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि सुमारे दोन महिने पहारा देते. पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्याच्या उष्णतेवर ठरते. पावसाच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात आणि आई त्यांना तोंडात धरून पाण्यात नेते. म्हणून काठ सिमेंटने बांधून काढला की मगरीची घरट्याची जागाच जाते. नदी सुशोभित करण्याच्या चर्चेत हा मुद्दा नेहमी मागे पडतो.

पावसाळ्यात गणित उलटते. वरच्या आजवा तलावातून पाणी सुटले की विश्वामित्री फुगते, आणि बागेच्या दाराशी, महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यावरून नाव पडलेल्या काळाघोडा पुलावर, लोक पातळी बघायला उभे राहतात. धोक्याची खूण पंचवीस फुटांच्या आसपास. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी सदतीस फुटांच्या घरात गेले, बाग आणि प्राणिसंग्रहालय जलमय झाले, आणि मगरी सोसायट्यांच्या अंगणापर्यंत पोहोचल्या. वनखाते आणि प्राणिमित्र स्वयंसेवक दोराचे फास टाकून त्यांना धरतात, जबड्याला चिकटपट्टी लावतात आणि पूर उतरल्यावर परत सोडतात. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने तिला मारणे गुन्हा आहे. पण वडोदरेकरांना त्यासाठी कायदा फारसा आठवावा लागत नाही. अंगणात मगर दिसली की आधी फोन केला जातो, काठी नंतर.

प्राणिसंग्रहालय नदीच्या दोन्ही काठांवर पसरले आहे. तिकीट काढून पिंजरे पाहायला आलेली मंडळी पुलाच्या कठड्याशी थांबतात आणि खालच्या चिखलात मोकळी पडलेली मगर पाहत तिथेच रेंगाळतात.